कागदातलं ज्याअर्थी

मी घर सोडलं ते कांद्याच्या पिकअपमधून. सकाळचे अकरा वाजले असतील. गाडी सटाण्याच्या मार्केटला निघाली होती. पुढे ड्रायव्हर, मी आणि नाना, म्हणजे माझे वडील. मागे कांदा, कांद्यावर माझी पत्र्याची पेटी आणि पेटी घसरू नये म्हणून तिच्यावर बसलेला माझा धाकटा भाऊ दिलीप. माय दारात उभी होती. रडली नाही. शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "पोरनी जात शे. आज नाशिक, उद्या सासर. जावानंच व्हतं."

सटाण्याच्या स्टँडवर नानांनी पेटी एसटीच्या टपावर चढवली आणि कंडक्टरने काही विचारलेलं नसताना त्याला सांगितलं, "कॉलेजले चालनी." कंडक्टर म्हणाला, "मंग मी काय करू?" नाना हसले. त्यांना ते लागलं नाही. आमच्या भाऊबंदकीत तोपर्यंत एकही माणूस कॉलेजात गेलेला नव्हता, बाई तर लांबच. कंडक्टरला त्याचं काही नव्हतं, पण नानांना कुणाला तरी सांगायचंच होतं.

हे लिहितेय ते तुमच्यासाठी. गावात राहिलेल्या, माझ्याबरोबर शाळेत असलेल्या आणि दहावीनंतर लग्न होऊन गेलेल्या तुमच्यासाठी. आणि माझ्यासारख्याच पेटी घेऊन निघालेल्या, आता नाशकात, पुण्यात, कुठे कुठे एकेका खोलीत राहणाऱ्या तुमच्यासाठीही. माझ्याबद्दल गावात काय बोललं जातं ते माझ्यापर्यंत येतं. त्यात माझी बाजू कुठेच नसते. ती एकदा नीट मांडावी म्हणून हे.

मी बी.ए. आहे, इंग्रजी घेऊन. सेकंड क्लास. पहिल्या वर्षी होस्टेलवर माझ्या बोलण्याची इतकी टर उडवली गेली की सहा महिन्यांत मी 'शे' सोडून 'आहे'वर आले. मुली मला हाक मारायच्या, "काय शे वं, काय शे?" आज मी इतकं स्वच्छ बोलते की नाशकातल्या माणसाला पत्ता लागत नाही. गावी गेले की मात्र दिलीपची पोरं तोंडावर हात धरून हसतात. आत्या टीव्हीसारख्या बातम्या देते म्हणे.

डिग्री घेऊन मी कोर्टाजवळच्या एका वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले, आणि बावीस वर्षं तिथेच आहे. जमिनीचे, फ्लॅटचे, पार्टनरशिपचे कागद आमच्याकडे तयार होतात. बिल्डर लोकांचे करारनामे इंग्रजीत असतात. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी मला एक ॲग्रीमेंट टाईप करायला दिलं. त्यात प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला मोठ्या अक्षरांत 'व्हेअरॅज' होतं. मग 'अँड व्हेअरॅज', पुन्हा 'अँड व्हेअरॅज'. मी कॉलेजात हा शब्द शिकले होते. माझा भाऊ शेती करतो, व्हेअरॅज मी शिकते. दोन गोष्टींमधला फरक दाखवायला. इथे तर फरक कुठेच दिसेना. हा मनुष्य या जमिनीचा मालक आहे, व्हेअरॅज त्याला ती वडिलांकडून मिळाली आहे. याच्यात विरोध कसला? मी इंग्रजीची पदवीधर. मी सरळ सगळे व्हेअरॅज काढून टाकले आणि स्वच्छ वाक्यं करून कागद साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी तो अख्ख्या ऑफिसला वाचून दाखवला. त्यांचा एक ज्युनिअर म्हणाला, "मॅडमनी इंग्रजांनाच इंग्रजी शिकवलं." सगळे पोट धरून हसले. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले आणि परत येऊन साहेबांना विचारलं, "मग याचा अर्थ काय ते सांगा." त्यांना ते आवडलं असावं. त्यांनी बसायला सांगितलं, जे ते सहसा सांगत नसत.

ते म्हणाले, हे दोन शब्द आहेत, व्हेअर आणि ॲज. जुन्या काळी सुटेसुटेही लिहीत. फार जुन्या इंग्रजीत तर त्याचा अर्थ नुसता 'जिथे' असाही होता. पुढे तो 'असं असं आहे हे लक्षात घेऊन' असा झाला. तू शिकलीस तो फरकाचा अर्थ तिथूनच फुटला. रोजच्या बोलण्यात तेवढाच उरला, पण कायद्याच्या कागदाने जुना अर्थ सोडला नाही. मराठीत आपण 'ज्याअर्थी' म्हणतो तो हा. आधी सगळे ज्याअर्थी सांगायचे. कोण मालक, जमीन आली कुठून, घरात काय घडलं, आज हे लोक इथे का जमले. ते सगळं सांगून झालं की मग एकदाच 'नाऊ देअरफोर', त्याअर्थी. त्याच्या खाली जे लिहिलंय ते करायचं. "आणि एक लक्षात ठेव," साहेब म्हणाले, "लोक त्याअर्थीच्या खालचं वाचतात. वरचं कुणी वाचत नाही. पण वरच्या गोष्टीखाली ज्याने सही केली, त्याला उद्या ती खोटी म्हणणं फार जड जातं."

हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. तेव्हापासून कुठलाही कागद आला की मी आधी वरचं वाचते.

नाना आजारी पडले तेव्हा मी त्यांना नाशकात आणलं. आठ महिने ते माझ्या वन-रूम-किचनमध्ये होते. दिलीप महिन्या-दोन महिन्यांतून यायचा, खुर्चीच्या कडेवर बसायचा, कांद्याचं काम आहे म्हणून संध्याकाळच्या गाडीने परत. त्याला मी तेव्हा दोष दिला नाही, आजही देत नाही. घर आणि वावर त्यालाच बघायचं होतं. एकदा नानांनी मला विचारलं की तू दिवसभर टाईप करतेस ते असतं तरी काय. मी त्यांना व्हेअरॅज समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग ते आपला पंचासारखंच शे. पहिले समदं ऐकी लेवानं, मंग निवाडा." मी म्हटलं, हो नाना, तसंच. आणि मी होस्टेलवर टाकून दिलेलं 'शे' त्या आठ महिन्यांत माझ्या तोंडात परत आलं. माझ्या लक्षातही आलं नाही, शेजारच्या काकूंनी सांगितलं.

नाना गेले. वारसनोंद झाली. सातबाऱ्यावर तीन नावं लागली, माय, दिलीप आणि मी. वर्षभर कुणी काही बोललं नाही.

आमच्या बागलाणात आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. अक्षय्यतृतीयेला सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. त्यांना घ्यायला भाऊ जातो. झोके बांधलेले असतात, खापरावर पुरणाची पोळी होते. मी सासरी गेलेली नव्हते, तरी मी नाशकाला गेल्यापासून मला घ्यायला कुणीतरी यायचंच. आधी नाना, मग दिलीप. सहा फुटी दिलीप माझी छोटी बॅग हातात घेऊन एसटीत माझ्यासाठी खिडकीची जागा धरायचा. वर्षातून तेवढे चार दिवस मी माहेरवाशीण असायचे. ते मला किती आवडायचं हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

नाना गेल्याच्या दुसऱ्या वर्षी दिलीपचा फोन आला. "आक्का, आखाजीले दोन दिवस आगोदर ये. कागद बी करी टाकू."

"कोणता कागद?"

"हक्कसोडना. सगळ्या बहिनी देतीस. माय देनार शे, तू बी दे. तू ते शिकेल शे, तुले काय गरज शे वावरनी?"

मी खरं सांगते. मी सही करायला तयार होते. वावरात मी काय करणार होते? वाफे करणार होते, की कांदा भरणार होते? सगळ्या बहिणी सोडतात. पाटलाच्या चौघींनी एकाच दिवशी सोडलं, वर भावाने साड्या नेसवल्या, फोटो काढला. साडी नेसून अंगठा देणाऱ्या बायकांचे किती कागद मीच टाईप केले आहेत. बिनमोबदला, राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता. ही वाक्यं माझी बोटं आपोआप मारतात. मला फक्त माहेर हवं होतं, आणि माहेर ठेवायचं तर वावर सोडायचं, हे न सांगता सगळ्यांना माहीत असतं.

सटाण्याच्या रजिस्ट्रारच्या ऑफिसबाहेर आम्ही जमलो. दिलीप, त्याचा मेहुणा साक्षीदार म्हणून, प्लास्टिकच्या खुर्चीवर माय, आणि टपरीत लॅपटॉप घेऊन बसलेला दस्तलेखक. त्याने कागद पुढे केला आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. मी सवयीने वर गेले. तिथे लिहिलं होतं:

"ज्याअर्थी, लिहून देणार हिचा विवाह तिच्या वडिलांनी यथाशक्ती मानपान करून लावून दिलेला असून ती आपल्या सासरी सुखाने नांदत आहे, व ज्याअर्थी तिचा सर्व भार तिचे पती समर्थपणे वाहत आहेत…"

मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. माझं लग्न झालेलं नाही. मला करायचंच नव्हतं असं मी लोकांना सांगते. ते अर्धं खरं आहे. दोन ठिकाणांहून लोक येऊन गेले होते. पहिल्यांनी विचारलं, पोरगी नाशकात एकटी राहते का. दुसऱ्यांनी तर काही विचारलंच नाही, चहा पिऊन गेले आणि निरोप पाठवला की एवढी शिकलेली आमच्या घरात बसणार नाही. नाना दोन्ही वेळा पडवीत तोंड फिरवून बसले होते. लग्नाचं आमच्या घरात कुणी पुन्हा काढलं नाही. आणि आता हा कागद मला सांगत होता की माझं लग्न थाटात झालं.

"दिलीप, हे काय आहे?"

"काय?"

"माझा नवरा कोण आहे?"

त्याचा मेहुणा फिसकन हसला. दिलीपने कागद वाचला. त्यानेही तो तेव्हाच पहिल्यांदा वाचला असणार, कारण त्याचे कान लाल झाले. मग म्हणाला, "आक्का, ते छापेलच ऱ्हास. समदास्ना कागदमा तेच ऱ्हास. कोन वाचस?"

"मी वाचते. माझं कामच ते आहे."

दस्तलेखक म्हणाला, "मॅडम, एवढ्याने काय फरक पडतो? नांदते लिहिलं की काम सोपं होतं. आता अविवाहित लिहिलं, तर आत साहेब विचारणार, मग ही खाणार काय? राहणार कुठे? नको त्या चौकशा."

त्या माणसाला वाटलं तो मला पटवतोय. त्याच्या तोंडून मात्र ते निघून गेलं होतं. खरं लिहिलं तर कुणाही माणसाला पहिला प्रश्न तोच पडणार, हे त्यालाही ठाऊक होतं.

मी म्हटलं, वरचा भाग मी लिहिते, खालचं तुझं राहू दे. पाठकोरा कागद घेतला आणि मायच्या शेजारी बसून लिहायला लागले. रागाने नाही, सवयीने. ज्याअर्थी लिहून देणार ही अविवाहित असून नाशिक येथे एकटी राहते. ज्याअर्थी तिला सासर नाही, व आईवडिलांच्या घराशिवाय दुसरे घर नाही. ज्याअर्थी वडिलांच्या अखेरच्या आजारात ते तिच्याकडे होते व तिनेच त्यांचे सर्व केले. ज्याअर्थी वडिलांनी हयातीत तिला कधी नाही म्हटले नाही, व ही जमीन तिने सोडावी असेही कधी म्हटले नाही.

एवढं लिहून 'त्याअर्थी' लिहिलं आणि थांबले. पुढे काय लिहायचं ते समोरच्या छापील कागदावर तयार होतं. आपला संपूर्ण हक्क कायमचा सोडून देत आहे. मी बावीस वर्षं हे काम केलंय. वरच्या गोष्टीतून खालची गोष्ट निघाली पाहिजे, नाहीतर साहेब कागद तोंडावर फेकतात. हा कागद मी दुसऱ्या कुणाचा तपासत असते तर लाल पेनने लिहिलं असतं, वरच्या मजकुराशी खालचा मजकूर जुळत नाही.

"व्हयना का?" दिलीपने विचारलं.

मी म्हटलं, "दिलीप, मला हे देता येणार नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे खोटं लिहून देता येणार नाही. आणि खरं लिहिलं तर देता येत नाही."

 तो मेहुण्यासमोर, त्या टपरीसमोर, उभ्या असलेल्या दहा-पंधरा माणसांसमोर म्हणाला, "टाईप करी करी वकील व्हई गयी का तू?"  मग मायने माझ्या हातावर हात ठेवला. तिचा अंगठा शाईने निळा झालेला होता, तिने तिचा आधीच देऊन टाकला होता. ती म्हणाली, "वावर काय डोकावर लई जाशी का, माय?"

मायला मी आजपर्यंत उलट उत्तर दिलेलं नाही. त्या दिवशी दिलं. म्हटलं, "माय, याच्यात लिहिलंय की मी सासरी नांदते. तू सांग, नांदते का?"  तिने हात लगेच काढला नाही. थोडा वेळ तसाच ठेवला, मग काढला.

"मंग आखाजीले तुले लेवाले कोनी येवाव नही," दिलीप म्हणाला.

कागद झाला नाही. मी उभ्या उभ्या नाशिकची एसटी पकडली. त्या वर्षी कुणी आलं नाही, आणि यंदाही नाही. मायशी बोलायचं तर शेजारच्या वैनीचा फोन, तोही दिलीप वावरात असताना. ती माझ्याशी हवापाण्याचं बोलते, जेवलीस का विचारते. कागदाचं नाव दोघीही काढत नाही. गावात काय बोललं जातं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शिकली म्हणून भावाच्या मुळावर उठली. एकटीला कशाला हवं. लोभी.

मला लोभी म्हटल्याचं एवढं काही वाटत नाही. वाटतं ते याचं की मी सही केली असती तर तुम्ही सगळ्यांनी मला चांगली म्हटलं असतं, आणि त्या चांगल्या बाईचं लग्न झालेलं असतं, तिला नवरा असता, तिचे नाना तिच्या घरी आठ महिने राहिलेच नसते. ती मी नव्हतेच. माझ्या जागी दुसऱ्याच कुणाला तुम्ही माहेरी बोलावलं असतं, पोळी वाढली असती आणि झोका दिला असता. मला काढून तिला आत घेणं एवढं सोपं होतं, एका ओळीत होत होतं. हा राग माझा आहे, तो कमी झालेला नाही आणि होऊ द्यायचाही नाही.

पण माझं चुकलंच नाही असंही मी म्हणत नाही. दिलीपने तो कागद लिहिला नव्हता. त्याने तो वाचलाही नव्हता. मी टपरीबाहेर चार पावलं त्याला बाजूला नेऊन बोलले असते तर? कदाचित तो म्हणाला असता, ठीक आहे आक्का, तुझं नाव राहू दे, वावर मी कसतो. कदाचित म्हणाला नसता. मी विचारलं नाही. मला चारचौघांत वाचून दाखवायची सवय लागली आहे, कदाचित साहेबांकडूनच. पेटीवर बसून आलेला पोरगा होता तो. त्याचे लाल झालेले कान मला आठवतात.

यंदा आखाजीच्या आधल्या आठवड्यात मी न बोलावता गेले. घरी नाही. फाट्यावर उतरले आणि थेट वावरात गेले. डब्यात भाजीपोळी होती, पाण्याची बाटली फाट्यापर्यंतच संपली. कांदा निघून कांदाचाळीत भरणं चालू होतं. दिलीप कुठे दिसला नाही, मार्केटला गेला असावा. हरसूलकडून आलेल्या मजूर बायका गोल करून कांद्याची पात कापत बसल्या होत्या. दर उन्हाळ्यात त्या इकडे येतात, पावसाला आपल्या डोंगरात भात लावायला परत जातात. मी बांधावर उभी राहिले. ऑफिसची साडी, खांद्याला पर्स. त्यातली एक बाई मला खालून वर न्याहाळत म्हणाली, "कोणाकडं आल्या बाई?"

तोंडात आलं, दिलीपकडे. आक्का आहे मी त्याची. माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच. "कोणाकडे नाही. हे वावर माझं आहे."

तिने शेजारणीकडे बघितलं. दोघी हसल्या. खरं मानलं की नाही कुणास ठाऊक. मग ती सरकली, बुडाखालचं पोतं अर्धं मोकळं केलं आणि स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली. "मग बसा ना," ती म्हणाली. "आपल्याच वावरात उन्हात का उभ्या?"

मी बसले. पाणी प्याले. त्यांनी विळा दिला नाही आणि मी मागितला नाही. चार वाजता उठून फाट्यावर गेले. गावाकडून दोन मोटारसायकली आल्या, ओळखीच्या माणसांच्या, आणि बाजूने निघून गेल्या. घर म्हणजे काय असं तुम्ही आज मला विचाराल तर मी एवढंच सांगेन. मला तिथे कुणी बोलवत नाही, आणि तिथून मला कुणी उठवू शकत नाही. पुढच्या वर्षी पाण्याच्या दोन बाटल्या नेईन.